एकसष्ट गुडघे

३ जून

प्रिय ताई,

नमस्कार. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून लिहितो. कारखान्याच्या खडखडाटात तुझे कान गेले, पण डोळे अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मान्य.

सोबतच्या डबीत एक करडा तुकडा आहे, बोटाएवढा. त्याला आम्ही खिटी म्हणतो. कृत्रिम पायाच्या गुडघ्यात ती बसते. माणूस उभा राहिला की टक् करून अडकते आणि गुडघा ताठ धरते. बसायचं असलं की मांडीजवळची दोरी ओढायची, ती सुटते. म्हणजे चालताना माणसाचा सगळा भरवसा या बोटभर तुकड्यावर.

आधी या खिट्या बाहेरून यायच्या. त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा मी आमच्या केंद्रातल्या थ्री-डी प्रिंटरवर काढायला लागलो. नायलॉनची तार वितळते, थरावर थर चढतो आणि दुपारच्या चहापर्यंत खिट्या तयार. आत्तापर्यंत बासष्ट माणसं माझ्या खिटीवर चालतायत. कुणाचा गुडघा वेगळा असेल तर मी संगणकावर आकार बदलतो आणि दुसऱ्या दिवशी नवी देतो.

आता केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढच्या वर्षी चारशे पाय करायचेत, तुमची बहीण साचे बनवते ना, तिला विचारा. विचारतो म्हणालो. खरं सांगायचं तर विचारायचं नव्हतं. साचा कशाला हवा, तूच सांग. तुझं पत्र मी बाईंना दाखवीन.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
टिल्लू


११ जून

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. सहा फूट उंच माणूस अजून टिल्लू म्हणून सही करतो, आणि मागतो काय, तर ‘साचा नको’ असं मोठ्या बहिणीच्या हातचं प्रमाणपत्र. ते मिळणार नाही.

खिटी पाहिली. आकार चांगला आहे. दोरी जिथे ओढते तिथली गोलाई तर मला सुचली नसती. साच्याबद्दल विचारतोस तर ऐक. पोलादाचे दोन अर्धे कोरायचे, ते एकमेकांवर केसाइतकीही फट न ठेवता बसवायचे, त्यात वितळलेलं प्लास्टिक जोराने दाबायचं. साचा व्हायला सात-आठ आठवडे जातात. एकदा पोलाद कापलं की तुझा विचार बदलला तरी पोलादाचा बदलत नाही. पण नंतर मिनिटाला दोन खिट्या, आणि चारशेवी पहिलीसारखी. बासष्टच करायच्या असत्या तर मीच म्हटलं असतं, प्रिंटर बरा.

एक विचारते. ही खिटी तू उभी रचलीस की आडवी? नखाने खरवडलं तर थर जाणवतात आणि ते मला रुंदीच्या दिशेने वाटतायत. माझ्याकडे प्लास्टिक एका दमात साच्यात शिरतं, तुकडा एकजीव होतो. तुझ्याकडे थर एकमेकांना चिकटतात, मिसळत नाहीत. भार थरांच्या लांबीने आला तर ठीक. आडवा आला तर तो थर उकलायला बघणार. तुझे भाऊजी खिटी चिमटीत धरून म्हणाले, ही पत्त्यांच्या कॅटासारखी आहे. मला ते आवडलं नाही, पण चुकीचंही वाटलं नाही.

उत्तर दे.

ताई


१९ जून

प्रिय ताई,

कॅटाचं वाचून हसू आलं. भाऊजींना सांग, हा कॅट मी केंद्रात तीनशे किलोच्या वजनाखाली ठेवला होता, हलला नाही.

उभीच रचतो. आडव्या ठेवल्या तर एका वेळी चौदा मावतात, उभ्या चाळीस. शिवाय आडवीला खालून आधाराचं जाळं लागतं, ते कापत बसावं लागतं आणि गोलाई खडबडीत होते. इथे माणसं बाकावर पाय काढून बसलेली असतात, ताई. शिवणकाम करणाऱ्या एक आजी परवा सकाळी आल्या. त्यांची खिटी घासली होती. संध्याकाळी त्या नव्या खिटीवर चालत घरी गेल्या. त्यांना मी ‘आठ आठवड्यांनी या, पोलाद कापतोय’ असं सांगायचं का?

तुझं काम मोठं आहे, मी लहानपणापासून पाहतोय. पण प्रत्येक गोष्ट साच्यातूनच काढली पाहिजे हा तुझा हट्ट आहे. मलाही तू साच्यातूनच काढायला बघत होतीस.

पत्र बाईंना दाखवलेलं नाही. सध्या घाईत आहे, पुन्हा लिहीन.

टिल्लू


२८ जुलै

चि. टिल्लू,

पुन्हा लिहीन म्हणालास त्याला पाच आठवडे होऊन गेले. रागावला असशील तर रागाचं पत्र लिही, ते वाचायला मला चालतं. काहीच नाही आलं की मी पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन आलेली पार्सलं उगीच उलटीपालटी करते.

साच्यातून काढण्याचं जे लिहिलंस ते खरं असेल. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी एकोणीसची. मला दुसरी पद्धत येत नव्हती.

खिटीच्या दिशेबद्दल मी म्हणाले ते मात्र मागे घेत नाही. तीनशे किलो एकदाच ठेवणं वेगळं आणि रोज दोन हजार पावलं टाकणं वेगळं. माझ्याकडे एक कोपऱ्यातला प्रेस आहे, तो एकच तुकडा दिवसभर दाबत-सोडत ठेवता येतो. तुझी खिटी त्यात लावू का? तुला न विचारता लावली नाही.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

कागदात गुंडाळून एक तुकडा पाठवतोय. याचं काय झालं असेल ते सांग. बाकी काही विचारू नकोस.

टिल्लू


७ ऑगस्ट

टिल्लू,

काय झालं ते सांगते, आणि विचारणारही आहे.

ही थरावरून सुटली आहे. भिंगाखाली धरली. तुटलेली बाजू फरशीसारखी सपाट आहे. ओढून, ताणून तुटली असती तर पांढुरके धागे दिसले असते. एका कडेला जुना मळ आहे, उरलेला भाग स्वच्छ. म्हणजे भेग आधी पडली, तिच्यात धूळ जात राहिली, आणि मग एके दिवशी उरलेलं एकदम गेलं. महिनाभर तरी ती भेगेसकट चालत होती.

तुझी चांगली खिटी मी प्रेसला लावली. तुझ्या होकारासाठी थांबले नाही, क्षमा कर. एकोणीस हजार वेळा दाबल्यावर तीही तशीच, त्याच जागी सुटली. आपल्या हिशेबाने दहा दिवसांचं चालणं. पायात दाब कमी येत असेल, म्हणून तिथे महिने टिकली.

आता सांग. या खिटीवर कोण उभं होतं? त्याला किती लागलं? आणि असल्या किती बाहेर आहेत?

ताई


११ ऑगस्ट

ताई,

एक शिक्षिका. शाळेच्या पायऱ्या उतरत होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा. गुडघा एकदम मुडपला. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. वर्गातली मुलं मागून येत होती, त्यांच्यासमोर.

मी बाईंना सांगितलं की स्क्रू सैल झाला असावा. त्या मान हलवून पुढच्या कामाला लागल्या. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास आहे की त्यांनी तुकडा मागितलाही नाही. तो माझ्या खिशात होता.

बाहेर आहेत एकसष्ट. त्या पडल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. रस्त्याने जाताना मी लोकांचे चेहरे बघत नाही, गुडघे बघतो. बाजारात कुणी लंगडत पायरी उतरताना दिसलं की मी तिथेच थांबतो, तो खाली पोचेपर्यंत. काल एक माणूस चिडून म्हणाला, ‘काय बघता?’ त्याचे दोन्ही पाय धड होते, नुसता काटा टोचला होता.

तुझं म्हणणं खरं होतं. साचा कर. लागेल ती घाई कर. आकार जसाच्या तसा ठेव, नाहीतर जुन्या गुडघ्यांत बसणार नाही. माणसं तपासणीला येतातच, तेव्हा एकेकाची खिटी मी बदलून टाकीन. कुणाला घाबरवायची गरज नाही. एवढं कर, ताई.

टिल्लू


१६ ऑगस्ट

चि. टिल्लू,

साचा करते. पोलाद नको, ॲल्युमिनियमचा करते, चार आठवड्यांत होईल. तुझे भाऊजी उद्यापासून दुसरी कामं बघतील.

पण चार आठवडे त्या एकसष्ट जणांनी काय करायचं? तपासणीला कुणी सहा महिन्यांनी येतं, तेवढ्यात भेग थांबून राहते का? आज त्यांना हवंय ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडेच आहे. खिटी आडवी रच. चौदा तर चौदा. जाळं काप, गोलाई कानशीने घास. खिटीच्या आकाराची संगणकातली फाइल तू जूनमध्येच पाठवली होतीस, मी ओळखीच्या एकाकडून प्रिंटरवर तशा आडव्या तीन काढून घेतल्या. एक प्रेसला लावली आहे, एक लाख दहा हजारांवर गेली आणि अजून शाबूत आहे. कायमचं म्हणून लिहून देणार नाही. पण आजची खात्री आहे.

आणि बाईंना सांग. त्या शिक्षिकेला सांग. तपासणीच्या नावाखाली गुपचूप बदलू नकोस. उद्या त्यातला कुणी जिन्यावरून पडला तर त्याला हेही कळणार नाही की का पडला. तो स्वतःलाच दोष देईल की पाऊल नीट टाकलं नाही.

तू सांगितल्याचं पत्र येईपर्यंत मी ॲल्युमिनियमला हात लावणार नाही. हे कठोर आहे हे मला कळतं.

ताई


२९ ऑगस्ट

प्रिय ताई,

सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी बाईंच्या टेबलावर तुकडा ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला. मग म्हणाल्या, ‘स्क्रूचं मला त्याच दिवशी पटलं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी सोडून दिलं. म्हणजे यात मीही आहे.’ प्रिंटरच्या खोलीची किल्ली त्यांनी मागून घेतली. दुपारी परत आणून दिली आणि विचारलं, ‘आडव्या दिवसाला किती होतात?’

शिक्षिकेच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तीन आठवडे मी त्या पायऱ्या मनात पुन्हा पुन्हा उतरतेय. कोणतं पाऊल चुकलं ते शोधतेय.’ चहा दिला नाही, आणि ते बरंच झालं. नवी खिटी मात्र बसवू दिली.

बाकीच्यांकडे पिशवी घेऊन दारोदार फिरतोय. कुणी शिव्या देतं, कुणी उलट माझीच समजूत काढतं. शिवणकाम करणाऱ्या आजींची खिटी काढली तर भेग अर्ध्यापर्यंत आली होती. मी ती त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या, ‘दाखवू नकोस रे, मला आता खुर्चीवरून उठायची भीती वाटेल.’ सांगितलं तरी त्रास, न सांगितलं तरी त्रास.

आज साठ झाल्या. एक राहिलाय. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक माणूस आहे. आमच्याकडे नोंदलेलं घर त्याने सोडलंय आणि फोन लागत नाही. दिवसभर तो रंगाऱ्यांच्या लाकडी घोडीवर फळी टाकून तिच्यावर उभा असतो, ताठ गुडघ्याने. मी गल्ल्या पालथ्या घालतोय. जिथे ओल्या रंगाची पाटी दिसते तिथे आत जाऊन विचारतो, रंगवणारा कुठे गेला? लोक म्हणतात, काल इथेच होता.

साच्याला लाग.

टिल्लू


१४ सप्टेंबर

चि. टिल्लू,

साचा झाला, चार आठवड्यांचं काम दोन आठवड्यांत उरकलं. आज पहिल्या खिट्या पडल्या. सोबत वीस पाठवतेय.

बघशील तर तुझं डोकं फिरेल. थर नाही, खवला नाही, नख घसरतं. आकार तुझाच, जसाच्या तसा, तू म्हणालास म्हणून कुठे रेघही हलवली नाही. भाऊजी म्हणत होते की पोट जरा जाड आहे, थंड व्हायला वेळ लागेल, चार दिवस थांब. मी म्हटलं, तिकडे पोराला स्वस्थ बसवत नाहीये, इथे चार दिवस कसले थांबायचे. दाब जास्त वेळ धरून ठेवला आणि वरून एकही खड्डा पडू दिला नाही.

तो पाट्या रंगवणारा सापडला का? सापडला की त्याला यातली दे.

ताई


१६ सप्टेंबर

टिल्लू,

वीसमधली एकही कुणाला बसवू नकोस. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. फोन दोनदा केला, तू उचलला नाहीस, आणि उचलला असतास तरी मला काय ऐकू आलं असतं.

पार्सल गेल्यावर मी एक खिटी करवतीने उभी कापली. हे मी आधी करायला हवं होतं. तीस वर्षं मी पहिला तुकडा कापल्याशिवाय कारखान्याबाहेर सोडलेला नाही. आत, बरोबर मधोमध, वाटाण्याएवढी पोकळी निघाली. प्लास्टिक बाहेरून आधी गोठलं, आतलं नंतर आकसलं आणि स्वतःलाच ओढत बसलं. आणखी पाच कापल्या. चारांत तेच. प्रेसवर एक नऊ हजारांवर गेली. तुझ्या उभ्या खिटीपेक्षाही आधी. तुझी आडवी मात्र तीन लाखांवर जाऊनही शाबूत आहे.

तुझी निदान बाहेरून थर दाखवत होती. माझी वरून आरशासारखी आहे.

कुणाला दिली असशील तर आत्ता ऊठ.

ताई


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

दिली होती. तुझं पार्सल अठराला आलं. त्याच दिवशी पाट्या रंगवणारा स्वतःच केंद्रात आला, दोरी अडकते म्हणून. त्याला पाहून मला रडूच कोसळायचं बाकी होतं. जुनी काढली, भेग होतीच. माझ्याकडे आडवी तयार होती. पण हा शेवटचा, म्हणून त्याला सगळ्यांत चांगली द्यावी, असं वाटलं. तुझी दिली.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. नशीब, या वेळी मी त्याला विचारून ठेवलं होतं की काम कुठे चालू आहे. एका औषधाच्या दुकानाची नवी पाटी. पळत गेलो.

तो वर फळीवर होता. पाठ माझ्याकडे, ब्रश हातात, सगळा भार त्याच पायावर. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो दचकून वळला असता तर? मी घोडीचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि उभा राहिलो. तो एक अक्षर रंगवत होता. इतकं सावकाश अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. आतली गोलाई भरली, कड ओढली, मान तिरपी करून बघितलं, पुन्हा कड ओढली. दुकानदार बाहेर येऊन काही विचारणार तर मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत गेला.

शेवटी त्याने खाली पाहिलं. ‘तुम्ही? इथे?’

मी म्हटलं, ‘हळूच खाली या. चांगल्या पायावर भार देऊन.’

तो उतरला. पायरीवर बसवून सांगितलं की परवा दिलेली खिटी आतून पोकळ आहे. त्याने ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाला, ‘दर दोन दिवसांनी असे धावत येणार असाल तर मी पाय तुमच्याकडेच ठेवतो, तुम्हीच चालवा.’ मी आडवी खिटी बसवली. त्याने विचारलं, ‘ही तरी पक्की ना?’ म्हटलं, ‘आत्तापर्यंत तीन लाखांपर्यंत दाबून पाहिली आहे, मोडली नाही. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. दोन महिन्यांनी दाखवायला या, नाही आलात तर मी येईन.’ त्याने दोरी दोन-तीनदा ओढून पाहिली आणि पुन्हा वर चढला. ‘अजून अर्धी ओळ राहिलीय,’ म्हणाला. त्याने सांगितलं नव्हतं, तरी ओळ संपेपर्यंत मी घोडी धरून उभा होतो.

पोकळी कशी राहिली असं त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मोजमाप मीच चुकीचं दिलं. बाईंनाही तेच सांगितलंय. तसंही आकार जसाच्या तसा ठेव असं मीच म्हणालो होतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

उरलेल्या एकोणीस कपाटात कुलपात ठेवल्यात.

टिल्लू


१ ऑक्टोबर

चि. टिल्लू,

पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर रंगवून होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत, मग म्हणाले, तुझा भाऊ बरा निघाला. बरा निघालास, पण शेवटी एक खोटं बोललास.

मोजमाप चुकीचं नव्हतं. तुझ्या प्रिंटरला तो आकार चालतो. आत पोट भरायचं की जाळी ठेवायची हे तो थर चढवताना ठरवतो. साच्याला तो आकार चालत नाही, हे मला माहीत होतं. वितळलेल्या प्लास्टिकला सगळीकडे सारखी जाडी हवी, हे मी नव्या कामगारांना पहिल्या दिवशी शिकवते. तरी मी घाई केली, आणि चमक बघून खूश झाले. तुझी चूक लपवू नकोस म्हणून मी तुला कोंडीत पकडलं, आणि माझी चूक तू स्वतःच्या नावावर घालून मोकळा झालास. हे मला पटलेलं नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. मशीनपाशी उभी राहिले की वाटतं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारत नाही.

खिटीचं पोट मी आतून कोरून काढलंय, दोन पातळ फासळ्या ठेवल्यात. सगळीकडे सारखी जाडी. बाहेरचं माप तेच, म्हणजे जुन्या गुडघ्यांत बसेल. तीस पाडल्या, दहा कापल्या, एकातही पोकळी नाही. तीन खिट्या तीन प्रेसवर दिवसरात्र दाबल्या जातायत, सर्वांत पुढची चार लाखांवर. ज्यांचे गुडघे वेगळ्या मापाचे असतील त्यांच्यासाठी तुझा प्रिंटर लागणारच, आणि त्या आडव्याच रचायच्या.

या सतरा पार्सलने पाठवणार नाही. सोमवारी मी स्वतः घेऊन येतेय. अकरा वर्षांत कारखाना बंद ठेवून कुठे गेले नाही, भाऊजींना वाटतंय माझी तब्येत बिघडली. सोबत एक पोकळ खिटी कापून आणतेय, दोन अर्धे.

आल्यावर आधी तुझ्या घरी नाही, बाईंकडे जायचं. तिथून पाट्या रंगवणाऱ्याकडे. तो जिथे काम करत असेल तिथे ने. ते दोन अर्धे त्याच्या हातात देऊन सांगायचंय की हा साचा माझा होता. तो काय बोलेल ते मला नीट ऐकू येणार नाही. तू शेजारी उभा राहा आणि जसंच्या तसं सांग, गाळू नकोस.

ताई